रॉडच्या ओव्हनमध्ये डबा ठेवू नका

वेल्डिंगचे रॉड कोरडे ठेवायच्या ओव्हनमध्ये कुणी जेवणाचा डबा गरम करायला ठेवलेला दिसला, की मी तो बाहेर काढून ठेवतो. भाजीसकट. यावरून चाकण-भोसरीतल्या बऱ्याच शेडमध्ये माझी वादावादी झालेली आहे. "साहेब, एवढासा डबा, त्यानं काय होतंय?" हे ठरलेलं वाक्य. आणि खरं सांगायचं तर खिडकीच्या ग्रिलचं, जिन्याचं, पाण्याच्या टाकीच्या स्टँडचं काम असेल तर फारसं काही होतही नाही. पण समोर ६९० मेगापास्कल ताकदीच्या पोलादाची ४० मिलिमीटर जाड प्लेट पडलेली असेल, तर डब्यातल्या आमटीची वाफ रॉडमध्ये आणि रॉडमधून वेल्डमध्ये जाणार, हे मला दिसायला लागतं.

मी वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. आधी नोकरी केली, आता ज्याला गरज असेल तो बोलावतो. क्रेनचे बूम, लो-बेड ट्रेलर, प्रेसच्या फ्रेम अशी जड कामं. या कामांत हल्ली जास्त ताकदीचं पोलाद सर्रास येतं, कारण प्लेट पातळ घेता येते, वजन उतरतं, गाडीवर माल जास्त बसतो. मालकाला हे गणित एका मिनिटात पटतं. त्या पोलादाची पथ्यं मात्र खरेदीच्या कागदावर छापलेली नसतात.

मध्यंतरी एका ठिकाणाहून फोन आला. नाव-गाव सांगत नाही. क्रेनच्या बूमचा लग, म्हणजे ज्यात पिन बसते तो जाड कान, एस६९०क्यूएल ग्रेडचा. संध्याकाळी वेल्ड पुरं झालं. दिसायला देखणं, लहरी एकसारख्या, अंडरकट (वेल्डच्या कडेला पडणारी खाच) नाही. रात्रीच डाय-पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून बघितलं, स्वच्छ. सकाळी प्रायमर मारला. त्यानंतरच्या दिवशी पेंटरला प्रायमरवर केसासारखी रेघ दिसली, वेल्डच्या टोला (वेल्डची कड प्लेटला मिळते त्या रेषेला) लागून, वीतभर लांब. मी पोचलो तेव्हा मालक वेल्डरला फैलावर घेत होते, "तू केलंस काय नक्की?" तो बीडकडचा पोरगा, हात अतिशय चांगला, मान खाली घालून उभा.

मी वेल्डकडे नंतर गेलो, आधी ओव्हनकडे गेलो. वरचा लाल दिवा चालू होता. झाकण उघडलं आणि आतला एक रॉड उघड्या हातानं उचलला. होल्डिंग ओव्हन किमान १२० अंशांवर असायला हवा. त्यातला रॉड बोटांत धरवतो, याचा अर्थ तापवणारी कॉइल गेलेली. दिव्याची वायर वेगळी, कॉइलची वेगळी, त्यामुळे दिवा आपला लागतोय. कॉइल कधी गेली ते कुणालाच सांगता येईना. जुलै महिना, बाहेर संततधार, आणि शेडच्या दोन बाजू उघड्या. त्या पोरानं हात कितीही सरळ चालवला असता तरी तो तडा टळला नसता.

या तड्याला पुस्तकात हायड्रोजन क्रॅकिंग म्हणतात, शेडमध्ये कोल्ड क्रॅक किंवा डिले क्रॅक. त्याचा स्वभाव एकदा समजून घेतला की बाकीची सगळी पथ्यं आपोआप लक्षात राहतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आर्कच्या उष्णतेत पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन अणूंच्या रूपात वितळलेल्या धातूत शिरतो. द्रव पोलादात तो भरपूर मावतो, घट्ट झालेल्या पोलादात फार कमी. वेल्ड इतक्या झटकन गोठतं की त्यातल्या बऱ्याच हायड्रोजनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. हा अणू सगळ्यांत लहान, त्यामुळे पोलाद गार झालं तरी तो पोलादाच्या अणूंच्या जाळीतून हळूहळू सरकत राहतो. सरकत सरकत जिथे ताण जास्त आहे तिथे गोळा होतो: वेल्डचा टो, रूट म्हणजे वेल्डचा तळ, एखादा स्लॅगचा (गोठलेल्या मळीचा) कण. तिथे जर पोलाद कडक आणि ठिसूळ झालेलं असेल तर ते उघडतं. हे घडायला तास लागतात, कधी दिवस. म्हणून संध्याकाळी स्वच्छ आणि परवा तडा.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: हायड्रोजन, कडक झालेली रचना आणि ओढ. शिवाय तापमान साधारण दीडशे अंशांच्या खाली उतरलेलं असावं लागतं. यातली ओढ तुमच्या हातात फार कमी असते. वेल्ड आकसणार, जाड प्लेटा त्याला हलू देणार नाहीत, सगळा ताण सांध्यावर येणार. सांध्याची रचना आणि वेल्डिंगचा क्रम नीट ठरवून तो थोडा कमी करता येतो, पूर्ण घालवता येत नाही. कडकपणा दोन गोष्टींवर ठरतो, पोलादाचं रसायन आणि गार होण्याचा वेग. हायड्रोजन मात्र जवळजवळ पूर्ण तुमच्या हातात आहे, आणि गंमत म्हणजे त्यावरचा खर्च सगळ्यांत कमी.

रसायनासाठी मी काम सुरू व्हायच्या आधी प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट मागतो आणि कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे पोलाद किती कडक होऊ शकतं याचा अंदाज देणारा आकडा, स्वतः काढतो. कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा, अधिक निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा. आपल्या नेहमीच्या आयएस २०६२ ई२५० प्लेटला याची कमाल मर्यादा ०.४२ आहे. एस६९०क्यूएलला ५० मिलिमीटर जाडीपर्यंत ०.६५ चालतं. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की "आम्ही वीस वर्षं असंच करतोय" या वाक्याचं उत्तर मिळतं. वीस वर्षं तुम्ही ०.४२ वाली प्लेट जोडत होता, दादा. कार्बन-मँगनीज पोलादात वेल्डच्या शेजारचा पट्टा ३५० व्हिकर्सच्या (कडकपणाचं माप) वर कडक झाला की सावध व्हायचं, असा जुना अंदाज आहे. एस६९०क्यूएलसारख्या क्वेंच-टेंपर, म्हणजे विझवून पुन्हा तापवलेल्या पोलादात हा पट्टा त्याच्याही वर सहज जातो. त्यामुळे तिथे कडकपणा टाळण्यावर भरवसा ठेवता येत नाही, हायड्रोजनच कमी करावा लागतो.

आता रॉड. ७०१८ किंवा या ग्रेडसाठी वापरतात तो ११०१८, यांच्यावरचं आवरण चुनखडी आणि फ्लोरस्पारचं. ते बांधायला सोडियम किंवा पोटॅशियम सिलिकेट वापरतात आणि या आवरणाला हवेतली ओल ओढून घ्यायची सवय असते. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या पापडाचं जे होतं तेच त्याचं होतं, फक्त रॉड नरम पडलेला दिसत नाही. हातात घ्या, आपटून बघा, आवाज तोच. आर्कही नीट लागतो. आवरण फार भिजलं असेल तर सुरुवातीला छिद्रं येतात आणि वेल्डर स्वतःच बदलून मागतो. घातक असतो तो थोडासा ओला रॉड, जो कुठलीच तक्रार करत नाही.

रॉडच्या डब्यावर एच४, एच८ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०० ग्रॅम वेल्ड धातूत जास्तीत जास्त ४ किंवा ८ मिलिलिटर हायड्रोजन. एच४ म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. पाइपलाइनच्या रूटला वापरतात तो सेल्युलोजचा ६०१० रॉड याच मापानं ३० च्या पुढे जातो. त्याचा आर्कच हायड्रोजनवर चालतो, खोल शिरतो, म्हणून तिथे तो मुद्दाम वापरतात. तोच रॉड एखाद्या हौशी फिटरनं ६९० च्या प्लेटवर टाके (तुकडे जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारायला घेतलेला मी पाहिला आहे, कारण "साहेब, याचा टाका पटकन लागतो." लागतो खरा.

हे सगळं तोंडी सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आता मी मेडिकलमधून ग्लिसरीन नेतो. काचेच्या ग्लासात ते ओतायचं. पट्टीच्या दोन छोट्या तुकड्यांवर वेल्डचा एक-एक रन, म्हणजे एक ओळ, ओढायचा, एक भाजलेल्या रॉडनं, दुसरा आठवडाभर रॅकवर पडलेल्या रॉडनं. रन संपला की तुकडा लगेच पाण्यात बुडवून गार करायचा, पटकन पुसायचा आणि ग्लासात सोडायचा. मग नुसतं बघत राहायचं. पहिल्या तुकड्यावरून एखाद-दुसरा बुडबुडा उठतो. दुसऱ्यावर मात्र वेल्डच्या कडेनं टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे धरायला लागतात, फुगतात, सुटतात, त्याच जागी पुन्हा नवे येतात. त्यांच्या बारीक माळा सरळ वर चढत असतात. चहा पिऊन परत आलात तरी चालूच. घट्ट, गार, चकचकीत लोखंडातून हवा कशी येतेय, म्हणून पोरं ग्लास उचलून उचलून बघतात. प्रयोगशाळेत हे पाऱ्यावर किंवा गॅस क्रोमॅटोग्राफीनं मोजतात. ग्लिसरीनवर आकडा कमीच येतो. मला आकडा नकोच असतो. ज्या शेडमध्ये हा ग्लास एकदा दाखवला तिथे ओव्हनमध्ये डबे परत दिसले नाहीत.

भाजण्याचे नियम अवघड नाहीत. अमेरिकेच्या डी१.१ या वेल्डिंगच्या कोडप्रमाणे ७०१८ रॉड २६० ते ४३० अंशांवर किमान दोन तास. जास्त ताकदीचे रॉड ३७० ते ४३० वर किमान एक तास. मग १२० अंशांच्या वर ठेवलेल्या होल्डिंग ओव्हनमध्ये, आणि तिथून वेल्डरच्या शेजारच्या पोर्टेबल ओव्हनमध्ये. बाहेर काढल्यावर साधा ७०१८ रॉड चार तास चालतो. ८०१८ दोन तास, ९०१८ एक तास, आणि ११०१८ फक्त अर्धा तास. ताकद वाढत जाते तशी सवलत घटत जाते. कारणही उघड आहे, वेल्ड जितकं कडक तितका त्याला थोडासा हायड्रोजनही पुरतो. म्हणजे वेल्डरनं दहा वाजता मूठभर ११०१८ काढले, चार जाळले आणि चहाला गेला, तर आल्यावर उरलेले वापरायचे नाहीत. परत भाजायचे, तेही एकदाच. पाण्यात पडलेला रॉड भाजूनही वापरायचा नाही, टाकून द्यायचा. आणि रिकामा पोर्टेबल ओव्हन प्लग न लावता नुसता रॉड ठेवायची पेटी म्हणून वापरायचा असेल, तर त्यापेक्षा गोणपाट परवडलं, निदान कुणाची फसवणूक तरी होत नाही.

रॉडइतकंच प्लेटचं अंग. गंज म्हणजे नुसतं लोखंड आणि ऑक्सिजन नव्हे, त्यात पाणी बांधलेलं असतं. कटिंग ऑइल, प्रायमर, ग्रीस, मार्करची शाई, सगळ्यांत हायड्रोजन. गॅस कटरनं कापलेली कड तर कडकही झालेली असते, ती ग्राइंडरनं उतरवायचीच. कोकणातल्या एका यार्डात काल संध्याकाळी बफ मारून पांढरी केलेली कड सकाळी केशरी झालेली असायची. तिथे आम्ही नियमच केला होता: बफ आणि वेल्ड एकाच पाळीत.

आता प्रीहीट, म्हणजे वेल्ड करायच्या आधी प्लेट तापवणं, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

एलपीजीचा टॉर्च गार प्लेटवर धरला की पहिल्या मिनिटात प्लेटवर पाण्याचे थेंब उभे राहतात. पावसाळ्यात तर ओघळ येतात. "ओ साहेब, प्लेट रडतीय बघा." बहुतेकांना वाटतं, पोलादाच्या आत मुरलेलं पाणी बाहेर निघतंय. पोलादात पाणी मुरत नाही. ते पाणी ज्योतीचं आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि गार प्लेटवर तिचं पाणी होतं. प्लेट जरा कोमट झाली की थेंब थांबतात. इथवर ठीक. पण पुष्कळ ठिकाणी थेंब थांबले म्हणजे प्रीहीट झाला असं धरतात, आणि टॉर्च बंद करून रॉड लावतात. त्या वेळी प्लेट शंभर अंशांच्या बरीच खाली असते. मी सांगतोय त्या लगच्या कामाच्या डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंगच्या लेखी पद्धतीत) किमान १२५ अंश लिहिलेलं होतं. फिटरला विचारलं, कसं मोजलं? त्यानं हाताचा पंजा प्लेटवर धरून दाखवला.

मोजायचं कसं, तर ज्योत लागली त्या जागी नाही. सांध्यापासून निदान ७५ मिलिमीटर लांब, आणि शक्य असेल तर प्लेटच्या दुसऱ्या बाजूनं. एकाच बाजूनं मोजायचं असेल तर टॉर्च बाजूला करून दर २५ मिलिमीटर जाडीला दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे वरची उष्णता आतपर्यंत पोचते. ४० च्या प्लेटला तीन-साडेतीन मिनिटं. एवढा वेळ नुसतं उभं राहणं आपल्याकडे कुणाला जमत नाही, हा माझा अनुभव. इन्फ्रारेड गन सोयीची, पण ग्राइंड केलेल्या चकचकीत जागेवर ती खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते. काळ्या, न घासलेल्या भागावर धरा. मला स्वतःला तापमानाचा खडू जास्त विश्वासाचा वाटतो: ठरलेल्या अंशाला वितळतो, वाद संपला. फक्त तो ग्रूव्हमध्ये, म्हणजे वेल्ड भरायच्या खाचेत, घासू नका.

प्रीहीटनं दोन कामं होतात. वेल्ड सावकाश गार होतं, त्यामुळे रचना तितकी कडक होत नाही. आणि सांधा जास्त वेळ गरम राहिल्यामुळे हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो; शंभराच्या वर त्याचा वेग खोलीच्या तापमानापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. मग कुणीतरी हुशार म्हणतोच, तर मग तीनशेपर्यंत तापवू की, अजून चांगलं. साध्या पोलादात निभावून जाईल, इथे नाही. हे पोलाद पाण्यात विझवून आणि पुन्हा तापवून ताकदीला आणलेलं असतं. वेल्ड ८०० वरून ५०० अंशांवर किती सेकंदांत उतरतं यावर शेजारच्या पट्ट्याची ताकद आणि चिवटपणा ठरतो. या ग्रेडला साधारण ५ ते २० सेकंद बरे. फार गरम प्लेट, फार जाड रन, फार हळू हात असं एकत्र झालं की हा वेळ लांबतो आणि ज्या ताकदीसाठी जास्तीचे पैसे मोजले तीच निघून जाते. त्या लगला दोन रनमधलं कमाल तापमान २०० लिहिलं होतं. किमान सगळ्यांना पाठ असतं, कमाल कुणी वाचत नाही.

टाक्यांना प्रीहीट लागत नाही, हा आणखी एक समज. उलट टाका सगळ्यांत लवकर गार होतो, कारण एवढीशी उष्णता आणि चहूबाजूंनी गार लोखंड. टाका तडकतो, त्यावरून वेल्डर रन ओढतो, तडा आतमध्ये गाडला जातो आणि यूटीवाल्याला (अल्ट्रासोनिक तपासणी करणाऱ्याला) सापडेपर्यंत सगळं भरून झालेलं असतं. टाक्यालाही तोच प्रीहीट, तोच भाजलेला रॉड, आणि लांबी निदान ५० मिलिमीटर. प्लेटवर रॉड घासून आर्क लागतोय का बघायची सवय इथे सोडून द्यायची.

अर्धवट सोडलेला सांधाही तसाच. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी रूट आणि एक रन झालेला सांधा गार होऊ द्यायचा आणि शुक्रवारी पुढे चालू करायचं, हे मी कितीदा पाहिलंय. नुसता रूट म्हणजे बारीकसा धातू, दोन्ही जाड प्लेटांची सगळी ओढ त्याच्यावर, आणि हायड्रोजन आतच. बुधवारी सांधा पुरा होणार नसेल तर बुधवारी सुरू करू नका. वीज गेली तर? टॉर्चनं गरम ठेवा, सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळा, सावकाश गार होऊ द्या. पुन्हा सुरू करण्याआधी तपासा आणि पुन्हा प्रीहीट करा.

एक गोष्ट मला डिझाइनवाल्यांना सांगायची आहे. प्लेट ६९० ची म्हणून प्रत्येक वेल्ड ६९० चंच हवं असं नसतं. लगभोवतीचे फिलेट (कोपऱ्यात भरलेले वेल्ड), स्टिफनरचे (आधारपट्टीचे) सांधे, कित्येकदा रूटसुद्धा कमी ताकदीच्या रॉडनं करता येतात, हिशेब बसत असेल तर. मऊ वेल्ड थोडं ताणलं जातं, ओढ पचवतं, आणि हायड्रोजनला कमी बळी पडतं. नव्या पोलादांत कार्बन कमी झाल्यामुळे प्लेट सुधारली आहे आणि तडे आता पुष्कळदा वेल्ड धातूतच येतात, तेही आडवे, वेल्ड ओलांडून जाणारे. म्हणजे सगळीकडे ११०१८ लिहून ठेवणं सुरक्षित वाटतं खरं, पण त्यातून धोका वाढवलेला असतो. ड्रॉइंगवर एक ओळ लिहिली तर शेडमधली अर्धी कटकट मिटेल.

रॉडऐवजी वायरनं होणाऱ्या मिग वेल्डिंगच्या सॉलिड वायरला हा त्रास कमी, १०० ग्रॅमला पाचच्या आत सहसा राहते. फ्लक्स कोअर (पोटात पावडर भरलेल्या) वायरमध्ये शिवण असलेली वायर ओल धरते, बिनशिवणीची धरत नाही. कुठलीही असो, रात्री फीडरवर उघडी ठेवायची नाही. एवढंच.

वेल्ड संपलं, आता काय? जाड आणि अडकलेल्या सांध्याला गार न होऊ देता २०० ते ३०० अंशांवर निदान दोन तास धरायचं, हायड्रोजन घालवायला. जाडी दुप्पट झाली की हायड्रोजनला बाहेर पडायला चौपट वेळ लागतो, हे लक्षात ठेवून वेळ ठरवायची, आणि टेंपरिंगच्या तापमानाच्या आसपासही जायचं नाही. मग ब्लँकेट गुंडाळून सावकाश.

आणि मग थांबायचं. ए५१४, ए५१७ सारख्या क्वेंच-टेंपर पोलादांना डी१.१ कोडमध्ये शेवटची तपासणी वेल्ड पुरं झाल्यावर ४८ तासांच्या आत मान्यच नाही. आधी केलेली तपासणी खोटी नसते, ती फक्त अजून न झालेल्या तड्याची असते. माझी सगळ्यांत जास्त भांडणं डब्यावरून नाही, या ४८ तासांवरून होतात. ट्रेलर गेटवर उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. मी एकच सुचवतो: वेल्ड मंगळवारी रात्री संपेल असं नियोजन करा, गुरुवारची सुट्टी फुकटात मिळते, शुक्रवारी सकाळी तपासणी. आणि नुसत्या डाय-पेनिट्रंटवर भागवू नका. ते फक्त वर उघडलेला तडा दाखवतं. टोला मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोहकणांची तपासणी) आणि आतल्या भागाला यूटी, कारण यातले बरेच तडे रनच्या खाली, प्लेटच्या पोटात असतात.

न दिसलेला तडा काय करतो याचं मोठं उदाहरण मेलबर्नच्या किंग्ज ब्रिजचं. १९६१ साली सुरू झालेला हा पूल, गर्डर त्या काळच्या जास्त ताकदीच्या पोलादाचे. गर्डरच्या खालच्या फ्लँजला (आडव्या पट्ट्याला) जादा पट्टी जोडली होती आणि पट्टीच्या टोकाला छोटं आडवं फिलेट वेल्ड होतं. लांबीची वेल्ड आधी झालेली, हे आडवं शेवटी, म्हणजे हलायला कुठेच वाव नाही. त्या वेल्डच्या टोला फ्लँजमध्ये हायड्रोजनचे तडे कारखान्यातच गेलेले होते, कुणाला दिसले नाहीत. १० जुलै १९६२ ला, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, सकाळी ४५ टनांचं वाहन पुलावर आलं आणि एका स्पॅनचे (दोन खांबांमधल्या भागाचे) गर्डर ठिसूळ होऊन तुटले. खालच्या भिंतींनी स्पॅन तोलून धरला म्हणून जीवितहानी टळली. चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं. १९६५ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये अमोनिया प्रकल्पासाठी बनवलेलं जाड प्रेशर व्हेसल पाण्याच्या दाबावर तपासताना फुटलं, आणि दोन टनांचा तुकडा ४६ मीटर लांब जाऊन पडला. सुरुवात कुठून, तर वेल्डशेजारच्या पट्ट्यातल्या जेमतेम सेंटिमीटरभर तड्यातून.

त्या क्रेनच्या लगचं काय झालं ते सांगून थांबतो, कारण दुरुस्तीतही लोक शॉर्टकट मारतात. तड्यावरून नुसता रन ओढायचा नाही. आधी प्रीहीट करून गाउजिंग केलं, म्हणजे कार्बनच्या कांडीच्या आर्कनं तडा खणून काढला, कार्बनचा थर ग्राइंडरनं उतरवला, तडा पूर्ण गेलाय का ते मॅग्नेटिक पार्टिकलनं बघितलं. तो वर दिसत होता त्यापेक्षा दोन्ही टोकांना पुढे गेलेला होता, तिथपर्यंत खणलं. दुरुस्तीच्या जागी ओढ मूळ सांध्यापेक्षा जास्त असते म्हणून प्रीहीट २५ अंशांनी वाढवला, कमाल २०० तीच ठेवली. नवी कॉइल टाकलेल्या ओव्हनमधले रॉड, एका वेळी पाचच बाहेर. वेल्ड त्याच पोरानं केलं. लगेच अडीचशे अंशांवर धरून ठेवलं, ब्लँकेट गुंडाळलं आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून लावलं. मालकांनी विचारलं, "दुरुस्तीलाही पुन्हा अठ्ठेचाळीस तास?" हो, दुरुस्तीलाही. गाडी शनिवारी गेली.